अक्कांनी उठवलेल्या भोरड्या

अक्कांचा उजवा तळवा वर गेला की समोरच्यानं गप्प व्हायचं. सोलापुरात माझ्या औषधाच्या दुकानाला लागूनच त्यांचं चादरींचं दुकान होतं. गिऱ्हाईक भाव पाडून मागत असायचं आणि अक्का मध्येच हात वर करायच्या. "थांबा की जरा." बाहेर तारेवर एखादं नवखं पाखरू बोललेलं असायचं. ते उडून गेलं की मगच चादर उलगडायची. गिऱ्हाईक वैतागायचं, पण जायचं नाही. तेही वर बघत राहायचं.

थंडीतल्या रविवारी पाखरं बघायला त्या मला घेऊन निघायच्या. माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, गळ्यात दुर्बीण. घरी त्या कानडी बोलत, माझ्याशी मराठी. हाक मात्र 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. रानात शिरलं की कुजबुजायचीसुद्धा चोरी. एकदा मी शिंकलो, तर घर येईपर्यंत बाई अवाक्षर बोलल्या नाहीत.

एका सकाळी बार्शी रस्त्यालगतच्या ज्वारीत भोरड्या उतरल्या होत्या. मैनेएवढ्या, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. हिवाळ्यात पार डोंगरांपलीकडच्या मुलखातून येतात. कणसं दिसतच नव्हती. ताटाताटावर पाखरंच लगडली होती. अक्कांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, तोच बांधावरून शेतकरी पळत आला. हातात फटाक्यांची माळ.

"फटाके नको वो," अक्का म्हणाल्या. "बिथरतील की."

"मग काय करू, बाई? तुमी बघून जाणार. वर्साची भाकरी हाय ही माजी."

आता दोघांचं वाजणार, असं मला वाटलं. अक्का त्या पिकाकडे बघत राहिल्या. मग दुर्बीण माझ्या हाती देऊन त्यांनी पदर खोचला.

"खरं हाय तुमचं. आमीच उठवतो."

आणि रानात श्वासही जपून घेणारी ती बाई दोन्ही हात पसरून ज्वारीत घुसली. "हाऽऽ! हाऽऽ हो!" मीही ओरडत मागे धावलो.

सगळं शिवारच जमिनीवरून सुटल्यासारखं झालं. पंखांचा आवाज छातीत घुमला. थवा वर चढला, वळला तसा काळा झाला, पुन्हा वळला तसा गुलाबी. घट्ट आवळला, सैल सुटला. एवढ्या गर्दीत कुणाचा पंख कुणाला लागला नाही. "नोड, तम्मा, नोड!" बघ, बघ! अक्कांना मराठी सुचतच नव्हतं. केसांत ज्वारीचा भुसा आणि डोळ्यांतून पाणी.

शेतकरी फटाके धरून तसाच उभा. "जल्मभर हाकलतोय ह्यास्नी," तो म्हणाला, "पर वर मान करून कवा बघितलंच न्हाय." निघताना त्यानं माझा नंबर मागून घेतला.

गेल्या पावसाळ्यात अक्का साध्या तापानं गेल्या. थंडीत त्या शेतकऱ्याचा फोन आला, "पाखरं आल्यात. बाईंना घिऊन या."

मी एकटाच गेलो. गाडीची मागची रिकामी जागा त्यानं पाहिली. ज्वारी भोरड्यांनी भरली होती. त्यानं बांधावर मला जागा करून दिली.

"घटकाभर बसू दे त्यास्नी," तो म्हणाला. "मग उठवू."