धुरावर चढलेला भाव

लवू काळाचौकीच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. गिरणीत आगवाला होता, म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून दिवसभर भट्टीत कोळसा टाकायचा. अंगानं वाळलेला, बोलायला महाकंजूष आणि खोटं बोलायला अगदीच नालायक. हे शेवटचं त्याच्या मुळावर आलं.

अठराशे चौऱ्याण्णव सालची गोष्ट. गिरण्यांचे शेअर वर्षानुवर्षं चढतच होते. न्हाव्यापासून भटजीपर्यंत जो तो भावाच्या गप्पा मारी. "हे कुठवर चालणार?" असं मी एकदा विचारलं, तर लोकांनी मला वेड्यात काढलं. लवूच्या गिरणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालकाची नातवंडं अजून ताठ मानेनं फिरतात.

त्या गिरणीचं सूत चीनला जाईनासं झालं होतं. गोदामात गाठी छताला टेकल्या आणि आठवड्यातले तीन दिवस सूत कातायचे साचे बंद राहू लागले. कामगारांना सांगितलं, नवे साचे बसवतोय. लवूला मात्र साहेबानं बजावलं, "साचे बंद असले तरी धूर बंद होता कामा नये." शेअर घेणारी शहाणी माणसं धुराड्याकडे बघून घेत ना! तेव्हा ते तीन दिवस लवू ओला कोळसा आणि सुताचा कचरा जाळून नुसता धूर काढत बसे.

त्याची मोठी बहीण तुळसा विधवा होती. चाळीच्या तळमजल्यावर खानावळ चालवायची. लेकीच्या, अंबिकेच्या लग्नासाठी तिनं सोन्याच्या पाटल्या जपल्या होत्या. एक दलाल रोज तिच्याकडे जेवायला येई आणि भाताबरोबर भावही वाढून जाई. शेवटी पाटल्या मोडून लवूच्याच गिरणीचा शेकडो रुपयांचा एक शेअर घ्यायचं तिनं ठरवलं. थोडेच रुपये कमी पडत होते, म्हणून अडलं होतं.

हे ऐकून लवूच्या तोंडचं पाणी पळालं. मी तिथंच होतो.

"आक्का, नको घेव. गिरणी बसली हा. धूर मीच काढतंय, उगीच."

"उगीच कोण कोळसो जाळता?" तुळसा भडकली. "तुका माझां बरां बघवणा नाय!"

सख्ख्या भावाचा शब्द खोटा आणि धूर खरा! मला असा संताप आला, पण तिच्यापुढे कोण बोलणार?

जिना चढताना लवू मला म्हणाला, "उद्या साचे बंद आसत. भट्टी पेटवूचंय नाय. धूर दिसलो नाय की तिचे डोळे उघडतले."

आणि खरंच त्यानं पेटवली नाही. सकाळभर धुराडं कोरं राहिलं. नाक्यावर माणसं माना वर करून बघत उभी राहिली, दलालांच्या घोडागाड्या फोर्टातल्या शेअरबाजाराकडे दौडल्या. साहेबानं लवूला मानगूट धरून फाटकाबाहेर काढलं आणि दुसरा आगवाला लावला. दुपारी पुन्हा काळाकुट्ट धूर निघाला. नवा बॉयलर येणार म्हणून साफसफाई चालली होती, अशी आवई मालकानं उठवली. संध्याकाळपर्यंत भाव आदल्या दिवसापेक्षाही वर गेला.

आम्ही खानावळीत शिरलो तेव्हा तुळसा हसत होती. हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या.

"लवू, सकाळी धूर नव्हतो म्हणान भाव पडलो. दलाल धावत इलो. म्हणालो, आज तुझ्या पैशांत बसता. घेतलंय!"

लवूनं फक्त नोकरी गेल्याचं सांगितलं. नोकरी का गेली असं तिनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "सायबाशी भांडण झालां." जन्मात पहिल्यांदा तो खोटं बोलला आणि ते तिला पटलं.

तीन महिन्यांत गिरणीला टाळं लागलं. शेअरला रद्दीचा भाव आला. अंबिकेचं ठरलेलं लग्न मोडलं. तुळसा भावापुढे बसून रडली. "तू सांगलंस रे. मीच आयकाक नाय."

 त्या सकाळी भट्टी का थंड होती, हे लवूनं मरेपर्यंत तिला सांगितलं नाही. तुळसा अजून आहे. मीही सांगणार नाही.