सुपातलं ऊन

उन्हाकडे संशयाने पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू, आमच्याकडच्या भाषेत साडभाऊ, निघाला. बाकीची दुनिया उन्हात पापड वाळवते, फार तर डोक्याला दुपट्टा गुंडाळते. हे गृहस्थ ऊन कुठून शिरलं, कुठे आपटलं आणि तिथून उठून कुठे गेलं याची चौकशी करतात. लग्नाच्या पंगतीत वरण थंड होईस्तोवर ताटाखालची सावली न्याहाळणारे कुणी दिसले, तर ते रिसोडचे आमचे साडभाऊच समजावेत. एकदा नात्यातल्या एकासाठी मुलगी पाहायला गेले असताना ते मुलीच्या मागच्या भिंतीकडेच इतका वेळ पाहत बसले की ओल दिसली असावी असं समजून मुलीच्या बापाने दुसऱ्या दिवशी भिंत रंगवून घेतली.

धंदाही याच जातीचा. घर बांधणाऱ्यांना ते आधी कॉम्प्युटरवर घर उभं करून देतात. पाहुण्यांनी मोबाइलवर बोट फिरवायचं आणि देवघरापासून गच्चीपर्यंत फिरून यायचं. तिथला उजेड खरा वाटावा म्हणून सॉफ्टवेअर एकेका किरणाचा माग काढतं आणि तो उजेड भिंतींवर एकदाच कायमचा भाजून टाकतं, म्हणजे मोबाइलला पुन्हा डोकं लावावं लागत नाही. असं एक सॉफ्टवेअर त्यांना निवडायचं होतं. दुसऱ्या कुणी ते दुपारच्या चहापर्यंत निवडलं असतं. साडभाऊंचं दोन वर्षं उलटली तरी ठरेना.

परीक्षेला त्यांनी स्वतःचंच स्वयंपाकघर घेतलं, कारण तिथे भिंतीत एक नवी खिडकी काढायची होती. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, यांना अलीकडे डाळीतले खडे दिसेनासे झाले होते. सूप घेऊन त्या रोज पुढच्या दारात जाऊन बसायच्या. साडभाऊंनी शब्द दिला होता, "आधी मॉडेलमंदी ऊन पाहू, मंग भित फोडू." मॉडेलमध्ये त्यांनी ओट्यावरच्या तिखटाच्या डब्याचं झाकणसुद्धा सोडलं नाही. पण पहिलं सॉफ्टवेअर चपळ आणि थापाडं निघालं, दुसरं चोख पण इतकं संथ की एक कोपरा उजळेपर्यंत कुकर तीनदा व्हायचा. तिसऱ्यात भिंतींच्या सांध्यांतून उजेड पाझरायचा. ते चित्र एका गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडलं आणि त्याला ते आपल्याच घराचं वाटलं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, उजेड गळून राह्यला तर पानीबी गळन. मले हे घर नाही पाह्यजे." त्याची समजूत काढता काढता आणखी एक महिना गेला. ताई दारातच.

एका दुपारी साडभाऊ वाशीमला माझ्याकडे आले होते, आणि मी त्यांना मोटरसायकलवरून परत सोडायला गेलो. चारच्या सुमाराला पोचलो तर अंगणात विटांचा ढीग, आणि स्वयंपाकघरात चक्क खिडकी. ताईंनी मिस्त्री बोलावून काम उरकलं होतं. खिडकी मॉडेलमधल्यापेक्षा हातभर खाली होती आणि ऊन थेट जमिनीवर उतरलं होतं, तिथे पाटावर बसून ताई डाळ निवडत होत्या.

"एवढी खाली काहून?" साडभाऊंनी विचारलं.

"मिस्त्रीले सांगतलं, ऊन माह्या सुपात पडलं पाह्यजे."

साडभाऊंनी वाकून सुपातलं ऊन पाहिलं. मग मला हळूच म्हणाले, "म्या दोन वर्स उजेड वट्यावर पाह्यला, भाऊ. तुमची ताई खाली बसते, हे ध्यानातच नाही आलं."

ते ऊन सुपात एक उन्हाळा टिकलं. दिवाळीनंतर बाजूच्या शेजाऱ्याने दुमजली घर बांधायला काढलं, थेट खिडकीसमोर. साडभाऊ बोलायला गेले, तर शेजाऱ्याने मोबाइल पुढे केला. त्या घराचं चित्र साडभाऊंनीच केलं होतं, खिडकी व्हायच्या आधी. "तुमच्याच चित्रात तिकडं खिडकी नोती, भाऊ. मंग आमी भित घेतली." माणूस खोटं बोलत नव्हता. मला त्या दिवशी साडभाऊंचा राग आला, आणि त्यांची दयाही आली.

भिंत चढायच्या आत त्यांनी निवड केली. संथ सॉफ्टवेअर घेतलं आणि चार वाजताचं ऊन, सूप आणि पाटासकट, भाजून ठेवलं. ताईंनी मोबाइल लांब धरून पाहिलं. "चांगलं हाये," त्या म्हणाल्या, "पण याच्यात खडे दिसत नाहीत."

परवा गेलो तेव्हा चार वाजत होते. साडभाऊ काम अर्धवट टाकून उठले, आत जाऊन ताईंचं सूप उचलून आणलं आणि पुढच्या दारात ठेवलं. हे आता रोजचं आहे म्हणे. ताई येऊन बसल्या. साडभाऊंनी सूप जरा तिरपं केलं, उन्हाकडे पाहिलं, आणि आपली सावली डाळीवर पडते आहे हे दिसताच गुपचूप दोन पावलं बाजूला सरकून उभे राहिले.