चौथ्या मजल्यावरच्या कड्या

सुतारबाबा चहा कधी गाळून घेत नसत. पातेलं खाली उतरवायचं, चोथा बसेपर्यंत थांबायचं आणि वरचा चहा अलगद कपात ओतायचा. तरी थोडा चोथा यायचाच. चहा संपत आला की ते नदीकडचं दार उघडून वरच्या पायरीवर उभे राहत आणि तळाचा घोट चोथ्यासकट पाण्यात झुगारून देत. "चहा माझा, चोथा तुझा," असं नदीला रोज सांगत आणि मग रंधा हातात घेत. लहानपणी लेकीला वाटायचं, नदीच्या पाण्याचा रंग तपकिरी आहे तो बाबांमुळेच.

नदीकाठच्या त्या ओळीत प्रत्येक घराला दोन दारं होती. एके काळी नदीकडचं दार हेच पुढचं दार. गाव मळेवाल्यांचं. पहाटे भाजीच्या नावा भरायच्या आणि शहर जागं व्हायच्या आत तिथल्या धक्क्याला लागायच्या. पाहुणा, डॉक्टर, नवी नवरी, जो कोणी येई तो पायऱ्या चढूनच येई. पुढे पूल झाला, घरांच्या पाठीमागून रस्ता गेला, रस्त्यावर बस आली आणि घरं बसल्या जागी पाठ फिरवून मोकळी झाली. नंबराच्या पाट्या रस्त्याकडच्या दारांवर लागल्या. मळ्यांवर इमारती उठल्या. शहर सरकत सरकत आलं आणि गावाला खेटून बसलं. सुतारबाबांना मात्र हे कुणी कळवलंच नव्हतं जणू. रस्त्याकडून कुणी हाक मारली की आतून ओरडत, "मागून काय येता चोरासारखे? पुढून या!"

या गावाची आणखी एक रीत होती. दर दोन-चार पावसाळ्यांत नदी घरात यायची. ती येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. म्हणून प्रत्येक घराच्या तुळईला कप्पी असे आणि प्रत्येक कपाटाला, टेबलाला, पलंगाला लोखंडी कड्या. पाणी चढू लागलं की कड्यांतून दोर ओवायचा आणि सामान छताशी टांगायचं. पण आधी शेजाऱ्याचं, मग आपलं. स्वतःच्या सामानाला कुणी आधी हात लावला तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नसे. त्यामुळे कुणाचं कपाट कशानं जड आहे हे साऱ्या ओळीला ठाऊक, आणि भांडणं सगळी पावसाळ्याच्या आत मिटलेली. शिंप्यानं बेकरीवाल्या काकूंशी धरलेला अबोला दर वर्षी ढग भरून आले की संपायचा. "मनानं नाही बोलत हो," काकू सांगायच्या, "मेल्याचा पलंग बोलतो."

या सगळ्या कड्या बसवल्या होत्या सुतारबाबांनी, त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांनी. म्हणून गावात त्यांना कडीवाले म्हणत. पुढे नदीच्या वरच्या अंगाला बांध झाला. पाणी घरात यायचं थांबलं. कड्या राहिल्या. कुणी त्यांना टॉवेल अडकवी, कुणी कांद्याची टोपली.

लेक शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती. लग्नानंतर ती आणि जावई गावातच, पण नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहायला गेली. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. खाली बाबा एकटे. एका थंडीत शेवाळावरून पाय घसरून ते पायरीवर पडले आणि बेकरीवाल्या काकूंना दिसेपर्यंत तिथेच पडून राहिले. हाड वाचलं, पण लेकीची झोप उडाली. दुकानात गिऱ्हाईकाला गोळ्या देताना तिला मध्येच ती ओली पायरी दिसायची. तिनं हट्टच धरला.

"बाबा, वरची एक खोली तुमचीच आहे. चला ना."

"बघू."

बाबांचा 'बघू' म्हणजे नाही, हे ती बोलायला शिकली तेव्हापासून तिला माहीत होतं. मग तिनं युक्ती केली. घरात सगळं फर्निचर करायचं होतं. ते बाबांनीच करावं. महिनाभर वर ये-जा केली की पाय रुळेल, लिफ्टची सवय होईल, खिडकीतली हवा आवडेल.

बाबा खुशीत तयार झाले. खालीच सगळं कापलं, तासलं, पॉलिश केलं आणि टेम्पोतून वर आणून जोडलं. संध्याकाळी लेक घरी आली तर जावई ओट्याला टेकून हसू दाबत उभा.

"काय झालं?"

"तूच बघ."

तिनं कपाट बघितलं. सुरेख होतं. वरच्या चारी कोपऱ्यांना चार कड्या. जेवणाच्या टेबलाला कड्या. पलंगाला कड्या. चपलांच्या एवढ्याशा कपाटालासुद्धा कड्या, बारीक, बाहुलीच्या कानात शोभतील अशा.

"बाबा! चौथा मजला आहे हा!"

बाबांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर दूर खाली वाहणाऱ्या नदीकडे. "अगंबाई," ते म्हणाले. "हात गेला."

"इथपर्यंत पाणी आलं तर सामान टांगून काय करणार आहोत आपण? जगच बुडालेलं असेल!"

"तेव्हा मी पोहत येईन कपाटावर बसून," जावई म्हणाला, आणि मग तिघंही पोट धरून हसली. हसून झाल्यावर बाबांनी डोळे पुसले.

"काढून टाकतो. भोकांत लांबी भरली की कळायचंही नाही." मग वरच्या काँक्रीटकडे बघत म्हणाले, "तशीही तुळई नाही तुझ्याकडे. आणि ओढणार कोण? समोर कोण राहतं?"

"आहेत कुणीतरी. चपला बघते मी रोज त्यांच्या."

"चपला," बाबा म्हणाले. एवढंच. पण त्या रात्री ते राहिले नाहीत. आणि कड्या काढायच्या आज-उद्यावर गेल्या.

तो पावसाळा जोराचा झाला. एके दिवशी दुपारी बांधाचे दरवाजे उघडणार असल्याचं सांगत गाडी भोंगा लावून फिरून गेली. लेकीनं दुकानातून अर्धी रजा घेतली आणि बसमधून उतरून थेट घराकडे पळाली. या वेळी ऐकून घ्यायचंच नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. बाबांना हाताला धरून वर न्यायचं आणि परत खाली पाठवायचंच नाही.

रस्त्याकडचं दार सताड उघडं. आत बाबा नव्हते. त्यांच्या खोलीत बेकरीवाल्या काकू स्टुलावर उभ्या होत्या आणि शिंपी घामाघूम होऊन दोर खेचत होता. आईचं कपाट जमिनीपासून वीतभर वर डुलत होतं.

"बाबा कुठे आहेत?"

"आमच्याकडे," काकू वरून म्हणाल्या. "माझं पिठाचं टेबल टांगतायत. आणि उभी काय राहिलीस खांबासारखी? धर की दोर! हा शिंपी सुईच्या वर काही उचलू शकत नाही."

"काकू, कपाटात दगड भरलेत का?"

"तुझ्या आईच्या साड्या आहेत. अजून तशाच. आम्हाला काय माहीत नाही होय?"

लेकीनं पर्स कोपऱ्यात फेकली आणि दोर धरला. तिघांनी मिळून ओढला तसं कपाट करकरत वर गेलं. तिचे तळहात सोलवटले. खिडकीतून पलीकडे बाबा दिसत होते, काकूंच्या स्वयंपाकघरात कुणा दोन म्हाताऱ्यांवर आवाज चढवत, "एकदम ओढा! लग्नात नाही आलेले तुम्ही!" कमरेला पदर खोचावा तसा त्यांनी पंचा खोचला होता. गुडघ्याची तक्रार करणारा माणूस तो हाच का, असं तिला वाटलं.

नदी तिसऱ्या पायरीपर्यंत आली, थोडी घुटमळली आणि परत फिरली. घरात टाचेएवढंही पाणी शिरलं नाही. सगळी ओळ रिकाम्या जमिनीवर, लटकत्या पलंगांखाली बसून काकूंचे गरम पाव खात राहिली. शिंपी म्हणाला, इतकं करून पाणी न येणं हा अपमान आहे, बांधवाल्यांकडे तक्रार केली पाहिजे.

लेकीनं बाबांजवळ सरकून बसत हळूच विचारलं, "थंडीत पडलात तेव्हा काकूंना कसं कळलं हो?"

"चोथा टाकताना माझा आवाज आला नाही म्हणे. म्हणून बघायला आली."

लेक पावाचा तुकडा चहात बुडवत राहिली. बुडवता बुडवता तो विरघळून कपात पडला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"पायऱ्यांना कठडा हवा," शेवटी ती म्हणाली. "तो लावायचाच. तेवढं तरी ऐका."

"लाव. पण करणार मी."

"आणि वरच्या कड्या राहू देत."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आणि मी?"

"तुम्ही राहा इथे. मी येईन सकाळी, कामावर जायच्या आधी. चहाला."

त्या संध्याकाळी घरी जाताना काकूंनी दिलेले जास्तीचे पाव घेऊन तिनं समोरच्या दाराची बेल दाबली. चपला ज्यांच्या होत्या त्या बाईंनी दार उघडलं. त्या शाळेत चित्रकला शिकवत, आणि बरेच दिवस त्यांना विचारायचं होतं की उघड्या दारातून दिसणाऱ्या तुमच्या कपाटाला त्या इतक्या सुंदर कड्या कशासाठी आहेत.

कठडा झाला. सागाचा, हाताला गुळगुळीत, दोन्ही टोकांना कडी असलेला. तो धरून बाबा पुढची अनेक वर्षं वरच्या पायरीवर उभे राहिले, आणि लेक रोज सकाळी त्यांच्यासोबत अर्धा कप चहा पिऊन बस पकडत राहिली. गेले तेही कामातच. दुपारी बाकावर एका स्टुलाला पाय बसवता बसवता डोकं टेकवलं, ते तसेच. रंध्याचा आवाज थांबला म्हणून काकू बघायला आल्या.

त्याच दिवशी सकाळी लेकीला उशीर झाला होता. घाईत हात वरच्या घराच्या सवयीनं चालले आणि तिनं चहा गाळून दिला. बाबा नेहमीसारखे दारात गेले, कप पालथा करायला हात उचलला, आणि कपात डोकावून बघत राहिले. मग वळून म्हणाले,

"आज गाळलास की काय गं?"