एकही शब्द गाळायचा नाही

ते प्रकरण मी विसरलो, असं माझ्या घरच्यांना वाटायचं. मी विसरलो नव्हतो, फक्त बोलत नव्हतो. आता बायको राहिली नाही, मुलगा परगावी असतो आणि मुदतीआधीच नोकरी सोडल्यामुळे दिवस मोठा झाला आहे. म्हणून लिहितो.

तेव्हा मी अंबड तालुक्यातल्या एका ठाण्याला सहायक निरीक्षक होतो. वडीगोद्रीकडचा महामार्ग आमच्या हद्दीत. कडेला धाबे, टायरवाले, भंगारवाले. कागदपत्रांशिवाय राहणारे परदेशी शोधा, असा वरून आदेश होता आणि अहवालाचा तगादा रोजचा. एक दिवस सकाळची हजेरी उरकून चहाला गेलो, तर टपरीवाला गिलास पुसता पुसता म्हणाला,

"साहेब, भंगारवाल्याकडं एक जोडपं ऱ्हाऊन राह्यलंय. बाई बाजारात तोंडच उघडत न्हाई. बटाटे पाहिजे तर बटाट्यावर बोट. सगळा भाव पोरगीच करती."

"मुकी असंल."

"मुकी कशाची? पोरीला मोठ्यानं हाका मारती की. पर ती बोली आपली न्हाई, अन् हिंदी बी न्हाई."

खबर एवढीच होती. मी नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. तो बरं हिंदी बोलायचा. पश्चिम बंगालमधला मालदा जिल्हा, गाव, पोस्ट, जवळचं रेल्वे स्टेशन, सगळं धडाधड सांगितलं. आधार कार्डही पुढं केलं. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागं जातो, दुरुस्ती करतो. हा कुठंच अडखळला नाही. तेव्हाच माझा संशय पक्का झाला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

आता बायकोचा जबाब वेगळा घ्यायचा, म्हणजे दोघांचं जुळतं का ते कळतं. अडचण एकच, तिला बंगालीशिवाय काही येत नव्हतं. जालन्यात लोखंडाच्या कारखान्यांत बंगाली कामगार पुष्कळ. पत्र दिलं असतं तर चार-आठ दिवसांत दुभाषी मिळाला असता. आमचे हवालदार म्हणाले, "कशाला साहेब? पोरगी हाये की. जल्दी काम होईल."

पोरगी मला माहीत होती. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेतली बक्षिसं ठाण्याच्या साहेबाच्या हातून द्यायची, अशी तिथली पद्धत. त्या वर्षी चौथीच्या श्रुतलेखनाचं बक्षीस मीच तिला दिलं होतं, कंपासपेटी. तिच्या वर्गाच्या बाईंनी माइकवर सांगितलं होतं, "ऐकल्यालं एक अक्षर सुद्धा गाळत न्हाई ही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

शाळेत गेलो तेव्हा बाई वर्गातून बाहेर आल्या.

"साहेब, तिचे आईबाप कुठले, हे आम्ही विचारत न्हाई. वय बघतो अन् वर्गात बसवतो. कायदाच तसा हाये."

"मी कुठं नाही म्हणतो? आईशी दोन शब्द बोलायचेत, तेवढ्यापुरतं. मी स्वतः परत आणून सोडतो."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणून पाठवते." त्या वेळी ते वाक्य मला मानाचं वाटलं होतं.

जीपमध्ये मुलगी खूश होती. "काका, कंपासपेटीतला गुण्या हरवला माझा, पर बाकी सगळं हाये," म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, "उद्या चाचणी हाये. मला तवर सोडताल ना?"

"सोडतो की."

ठाण्यात तिची आई बाकावर पदर ओढून बसली होती. शेजारी महिला शिपाई. मुलगी शाळेत उभी राहते तशी ताठ उभी राहिली. मी तिला म्हणालो, "श्रुतलेखनात करतीस ना, तसंच करायचं. आई बोलंल ते सगळं सांगायचं. एकही शब्द गाळायचा न्हाई."

तिनं मान हलवली.

"विचार, गाव कुठलं?"

तिनं विचारलं. आई हळू आवाजात बरंच काही बोलली. ती लेकीशी बोलत होती, माझ्याशी नव्हे. घरात बोलावं तसं. त्यातलं काय पुढं न्यायचं आणि काय गिळायचं, हे लेकीला कळेल, असा तिचा हिशेब असणार. बाजारात कळायचंच.

मुलगी माझ्याकडं वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई म्हणती, तुझ्या बाबांनी मालदा सांगितलंय, तू बी मालदाच सांग. खुलनाचं नाव काढू नको, न्हाईतर आपल्याला नदीपल्याड धाडतील."

लिहिणाऱ्या शिपायाचा हात थांबला. खुलना सीमेपलीकडं, हे त्यालाही माहीत होतं. मुलगी माझ्याकडं बघत राहिली. बरोबर आलं का, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिनं आईकडं पाहिलं.

आई ओरडली नाही, रडली नाही. तिनं लेकीला जवळ ओढलं, वेणीची सैल झालेली रिबीन सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

गुन्हा दाखल झाला. वरून शाबासकी आली. जबाबाखाली दुभाषी म्हणून मी हवालदारांचं नाव घातलं, आणि त्यांना बंगालीचं अक्षर कळत नव्हतं. आईबाप कोठडीत, मुलगी बालकल्याण समितीपुढं आणि तिथून बालगृहात. पुढं तिघांनाही सीमेकडं रवाना केलं, असं कळलं. चाचणीला ती गेली नाही. मी तिला शाळेत परत सोडलं नाही.

महिन्याभरानं बाई ठाण्यात आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

"वीटभट्टीवरची पोरं यायची बंद झाली साहेब. त्यातले कैक तर बिहारचे, कागद एकदम बराबर असलेले. मी दारोदार गेल्ते. आईबाप म्हणले, शाळंत पोरगं बोलाया शिकतंय, अन् मंग पोलीस येत्यात."

"बाई, मी माझी ड्यूटी केली."

"मी बी माझीच केल्ती. तिला शिकवलं." आणि त्या गेल्या.

ते लोक बेकायदा आले होते, यात वाद नाही. त्यांना शोधणं माझं काम होतं, आणि दुभाष्याची वाट पाहून मी ते करू शकलो असतो. मी थांबलो नाही, कारण मुलगी हाताशी होती आणि तिचा माझ्यावर विश्वास होता. शाळेनं तिला जे दिलं, त्याचाच मी तिच्या आईविरुद्ध पुरावा केला. पोलिसानं पुरावा कुठून आणू नये, हे मला एवढी नोकरी करून त्या एका जबाबात समजलं, आणि तेही जबाब संपल्यावर.

मागच्या आठवडी बाजारात मी एकट्यापुरती भाजी घेत होतो. शेजारी भट्टीवरची एक बाई आणि तिची लहान मुलगी उभी होती. मुलगी दुकानावरची पाटी एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचत होती. चांगलं वाचत होती. मला राहवलं नाही.

"कितवीत आहेस बाळा?"

भाजीवाला सहज म्हणाला, "सांग की गं, पोलीस साहेब हायेत ते."

मुलगी एकदम गप्प झाली. तिनं आईचा पदर धरला आणि बटाट्यांवर बोट ठेवलं.