मारोतरावचा कॅमेरा काही ठरेना

मार्च महिन्यात माझ्या बापानं चौदा वेळा कॅमेरा ठरवला आणि चौदा वेळा मोडला. पोरीची सोयरीक ठरवताना माणूस इतका हैराण होत नाही. हे मी खात्रीनं सांगते, कारण त्यांची एकुलती एक पोरगी मीच, आणि माझ्यासाठी आलेले तीन पाहुणे त्यांनी चहा संपायच्या आत वाटेला लावले होते.

मारोतराव म्हणजे घाटंजीचे शूटिंगवाले मारोतराव. घरची चार एकर, कापूस आणि तूर, ती आई आणि काका बघतात. बाबा तीस वर्षांपासून लोकांची लग्नं काढतात. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, बाबा आहेत तिथंच. बाजार रोडला आमचं दुकान आहे, 'अर्पिता फोटो अँड व्हिडिओ'. मी पहिलीत होते तेव्हा बोर्डावर माझं नाव रंगवलं, आणि आता त्याच बोर्डाखाली बसून मी मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे आठ तासांच्या गोंधळातून अडीच तासांचं लग्न वेगळं करायचं. फुकटचं डोकेदुखीचं काम आहे, पण मला येतं.

झालं असं की बाबांचा खांद्यावरचा जुना कॅमेरा होळीच्या आधी कायमचा बसला. पार्ट मिळेना. यवतमाळचा पियूष, जो कॅमेरे विकतो आणि भाड्यानंही देतो, त्यानं दोन पर्याय सांगितले. एक, छोटा सिनेमा कॅमेरा. दिसायला ठोकळा, पण चित्र असं की थिएटरात बसल्यासारखं वाटावं. आत पंखा असतो, तापून बंद पडत नाही. मात्र फोटो निघत नाही, हात हलला की चित्र हलतं, आणि फोकस सगळा हातानं. दुसरा, मिररलेस. फोटोही काढतो, व्हिडिओही काढतो, चेहरा ओळखून स्वतःच फोकस धरतो, हात हलला तर सांभाळून घेतो. पण उन्हात तापला की झोपतो. किमती जवळपास सारख्याच, म्हणजे पैशाकडे बोट दाखवून सुटायचीही सोय नव्हती.

बाबा सकाळी सिनेमावाला ठरवायचे. चहाच्या टपरीवर जाऊन यायचे, तेवढ्यात मिररलेस ठरलेला असायचा. दुपारी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून परत उलटे. खुर्चीत बसले की पाय हलतोय, उभे राहिले की शटर वरखाली. गिऱ्हाईक आलं तरी त्यालाच विचारायचे. पासपोर्ट फोटो काढायला आलेला माणूस काय सांगणार, कपाळ?

"बाबा, मिररलेस घ्या नं. लोकाइले रील पाहिजे, फोटो पाहिजे. उगाच कायले जीव खाता?"

"तुले काय समजते? सिनेमा कॅमेरा म्हणजे कॅमेरा वं. जिंदगीभर लोकाइचे आहेर काढले मी. एक तं चीज चांगली हातात धरू दे."

मी गप्प बसायचे. मला गप्प बसायची सवय नाही, आईला विचारा. पण या एका गोष्टीत मी दोन वर्षांपासून गप्प होते.

बाबांचा फोकस चुकत होता. जुना कॅमेराही ते हातावरच चालवायचे, आपोआप फोकस हा शब्द काढला तरी त्यांना अपमान वाटायचा. दोन सीझनपासून मिक्सिंगला बसलं की मला दिसायचं. नवरी हार घालतेय आणि नवरी धूसर. तिच्या मागच्या मांडवाच्या कापडाची शिवण मात्र स्वच्छ. मग मी काय करायची? वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडायची. बदामाचे आकार उडवायची. चित्र हळू करून कडेनं धुकं टाकायची. मला त्या पाकळ्यांचा असा संताप यायचा म्हणून सांगू! पण लोक खूश. आमच्याकडे पद्धत आहे, पेनड्राइव्ह घरी पोचला की अख्खं घर, शेजारीपाजारी टीव्हीसमोर बसतात आणि शूटिंगवाल्याला जेवायला बोलावतात. "मारोतराव, काय हात आहे बापा तुमचा!" असं म्हणत त्यांच्या पानात आग्रहानं पुरणपोळी वाढतात. बाबा लाजत लाजत दोन खायचे आणि घरी येऊन मला सगळं सांगायचे. मी हो हो करायची.

आता त्यांनी तो ठोकळा घेतला, तर एका सीझनमध्ये तालुक्यात नाव बुडणार. इतकं स्वच्छ चित्र देणाऱ्या कॅमेऱ्यात चुकलेला फोकस कुठल्या पाकळीनं झाकायचा? आणि सांगितलं तर? तीस वर्षं ज्या माणसाची ओळखच डोळा आहे, त्याला पोरीनं कसं सांगायचं? मला झोप लागेना, जेवण जाईना, आणि सगळा राग निघाला तो बिचाऱ्या कीबोर्डवर.

शेवटी पियूषच कंटाळला. "काका, दोन्ही एक दिवस घेऊन जा," तो म्हणाला. "एका लग्नात चालवा आणि मग ठरवा. रोज फोन नका करू, पाया पडतो."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोरी अरबला लग्न होतं. बाबांनी सिनेमावाला घेतला, मला मिररलेस दिला. मुहूर्त अकरा चाळीसचा. आमच्याकडे मुहूर्त पत्रिकेत असतो, लग्न नवरदेवाच्या दोस्तांचं नाचून झाल्यावर लागतं. एक वाजला तरी वरात वेशीवरच. मी मूर्खासारखा कॅमेरा चालूच ठेवला, आत्ता येतील, आत्ता येतील म्हणून. बेचाळीसचं ऊन. नवरदेव मांडवात शिरला आणि माझ्या स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र आलं. कॅमेरा बंद! मी धावत जाऊन तो मांडवातल्या मोठ्या कूलरसमोर धरला. तिथं हवा खात बसलेल्या एका आत्याबाई म्हणाल्या, "अवं बाई, माणसाइले हवा लागू दे, मशीनले काय घाम येते?" मी दात ओठ खाऊन हसले.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत कॅमेरा जागा झाला, नशीब. समोर बघितलं तर बाबा. ठोकळा छातीशी धरून, श्वास रोखून, एका हातानं लेन्सची कडी हळूहळू फिरवत होते. कुणाचा धक्का लागला तरी जागचे हलले नाहीत. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कार्डं कॉम्प्युटरला लावली. बाबा स्टूल ओढून माझ्या शेजारी. आधी त्यांचं लावलं. चित्र राखाडी, मेलेलं.

"हे काय वं? खराब झालं का?"

"नाही बाबा, याच्यात रंग मागून भरा लागते." मी रंग भरला. हळदीचा पिवळा, शालूचा हिरवा, उन्हाचा तो पांढरा चटका, सगळं उठून आलं. बाबांचं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात हाराचा प्रसंग आला. नवरी धूसर. नवरदेव धूसर. मागं खांबावर चढलेला लाइटवाला मात्र इतका स्वच्छ की त्याच्या शर्टाच्या गुंड्या मोजाव्यात.

बाबांनी माझ्या कार्डाकडे बोट केलं. "तुहं लाव," म्हणाले.

माझं लावलं. नवरदेवाच्या फुलांच्या मुंडावळ्या हनुवटीपर्यंत लोंबत होत्या. त्या आडून चेहरा काही कॅमेऱ्याला सापडला नाही. मग त्या दीडशहाण्या यंत्रानं मागच्या फ्लेक्सवरचा चेहरा धरला. फ्लेक्सवर नवरदेवाचे वारलेले आजोबा होते, 'यांच्या आशीर्वादाने' असं लिहिलेले. अक्षता पडताहेत, नवरा-नवरी धुक्यात, आणि आजोबा मिशीच्या एकेका केसासकट हजर! बाबा पोट धरून हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही हसले.

"झालं मंग," ते उठत म्हणाले. "तुहा कॅमेरा बेअक्कल आहे. माहावालाच घेऊ. चित्र पाह्यलं नं कसं आहे? फोकस गेला तो लेन्सपायी. त्या पियूषनं खराब लेन्स देली. थांब, त्याले आता सांगतोच."

त्यांनी मोबाइल काढला. पियूषवर खोटा आळ घेणार होते ते. बिचाऱ्यानं महिनाभर माझ्या बापाचे फोन सहन केले होते. मला राहवलं नाही.

"लेन्स चांगली आहे, बाबा."

"मंग?"

मंग काय! मी सरळ जुन्या लग्नांचं फोल्डर उघडलं. घाटंजीचं एक, पारव्याचं एक, मुकुटबनचं एक. आधी मिक्सिंग केलेलं लावायची, मग पाकळ्या काढून तेच परत लावायची. पाकळ्यांसकट, पाकळ्यांविना. एक, दोन, पाच, सात. मला थांबवत नव्हतं. कुणावर चिडले होते कोण जाणे. बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ आले, इतके जवळ की त्यांचं नाक काचेला टेकलं.

"किती लग्नं?" त्यांनी विचारलं.

"सगळी नाही."

"किती, सांग नं."

"अर्धी."

ते स्टुलावर बसले. बराच वेळ पायसुद्धा हलला नाही. मग म्हणाले, "डॉक्टरनं सांगतलं होतं. शुगरनं डोळ्याचा पडदा खराब झाला म्हणे. गेलं ते परत येत नाही, हाये ते सांभाळा."

"कधी सांगतलं?"

"पोळ्याच्या टायमाले."

"सात-आठ महिने झाले! अन् मले नाही सांगतलं? औषध? सुई? काही घेऊन राह्यले का नाही?" मी ओरडले. समोरच्या किराणावाल्यानं मान बाहेर काढली.

"घेतो नं. यवतमाळले जातो, सामान आणाले जातो म्हणून सांगतो तुमाले." थोडं थांबून ते म्हणाले, "तू तरी कुठी सांगतलं मले?"

मी ते फोल्डर बंद केलं.

"मले वाटे," ते खाली बघत म्हणाले, "लोक माह्या हाताची तारीफ करून राह्यले. मी पुरणपोळ्या खाऊ खाऊ येत होतो. अन् ते सारं तुहं होतं. म्या घरी येऊन तुलेच ऐकवो. तू मनात काय म्हणत असशीन?"

"काहीच नाही म्हणत होते, बाबा. काहीच नाही." मला रडू फुटलं. भर दुकानात, सकाळी अकरा वाजता, शटर उघडं असताना मी लहान पोरीसारखी रडले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चपला घालून निघून गेले.

दुपार कशी काढली माझी मला ठाऊक. टपरीवर नव्हते, स्टँडवर नव्हते, फोन उचलेनात. चार वाजता आले, धुळीनं पांढरे. शेतात जाऊन आले होते. पाणी प्यायले आणि उभ्या उभ्याच पियूषला फोन लावला. "तो फोटोवाला पाठव. हो, मिररलेस. नाही, आता नाही बदलत. पोरीच्या हातात बसते तो."

मी म्हटलं, "बाबा, तुमचा सिनेमावालाच घेऊ. तुमी धरा, फोकस मी फिरवीन. सिनेमात असेच दोन माणसं राहतात."

"सिनेमात नटी दहादा हार घालते. इथी नवरी एकदाच घालते," ते म्हणाले. "अन् लग्न निस्तं हारात नाही राहत. तू काढ. मी सांगतो कुठी पाहाचं ते."

मे महिन्यात मुकुटबनला लग्न होतं. पंचेचाळीसचं ऊन. मी मिररलेस घेऊन, आणि मागं बाबा, कॅमेऱ्यावर काळी छत्री धरून. लोक विचारायचे, "काय मारोतराव, आज छत्रीवर?" पहिल्या दोघांना त्यांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यावर खेकसले, "मशीनले ऊन लागते. दिसत नाही का?" मुंडावळ्या आडव्या आल्या की मी स्क्रीनवर बोट ठेवून चेहरा धरत होते, आणि वरातीच्या वेळी कॅमेरा बंद ठेवायचा हे मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. एक क्षण हुकला तर झाकायला पाकळ्या टाकायच्या नाहीत, असं मी स्वतःला बजावलं होतं.

संध्याकाळी बिदाई. नवरी आईच्या गळ्यात, मावश्या रडताहेत, सगळ्यांचे मोबाइल वर. मी घुसणार तोच बाबांनी मनगट धरलं.

"नवरीले सोड. तिले सारे काढून राह्यले. बाप कुठी आहे?"

"दिसत नाही."

"अशा वक्ताले बाप मांडवात नसते. मांगं पाह्य, भांडे घासतात तिकडं. पाण्याच्या टँकरजवळ."

मी वळले. टँकरच्या चाकाशी नवरीचा बाप पाठमोरा उभा होता, खांद्यावरचं उपरणं तोंडात कोंबून. कॅमेरा रोखला. त्यानं जरा मान वळवली आणि चेहरा फोकसमध्ये आला.

"सापडला?"

"हो."

बाबा त्याच दिशेला बघत होते. टँकर दहा-बारा पावलांवर होता. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरपी केली, परत सरळ केली. मग माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "रडून राह्यला का तो?"

"हो, बाबा."

"मंग हलू नको."