मंगळीच्या शेळीचं पुढे काय झालं

मंगळीनं मला जेवढं गोंधळात पाडलं, तेवढं माझ्या सासूबाईंनीही पाडलं नाही. आणि सासूबाई काही साध्या नव्हत्या.

१९९३ साल. पनवेलच्या एका शाळेत मी आठवीला मराठी शिकवत होते. कथालेखन हा माझा हातखंडा. शीर्षक, आरंभ, संवाद, शेवट, सगळं मुलांकडून घोटून घ्यायचे. वर माझं एक खूळ होतं. वह्यांची अदलाबदल करायची आणि दुसऱ्याच्या गोष्टीवर चार ओळी अभिप्राय लिहायचा. नुसतं 'छान आहे' लिहिलं की वही परत. काय छान, का छान, ते सांगा ना!

मंगळी डोंगराखालच्या वाडीवरून चालत यायची. वाडीतून आठवीपर्यंत पोचलेली ती एकटीच. दिवाळी झाली की तिचे आईबाप वीटभट्टीवर जायचे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर तीही जाणार, आणि भट्टीवर गेलेली पोर शाळेत परत येत नाही, हे मी दोनदा पाहिलं होतं. वसतिगृहाची अट एकच, सहामाहीत सगळ्या विषयांत पास.

आणि ही बया नेमकी मराठीत नापास! तीन मार्कांनी. कथेच्या प्रश्नानंच घात केला.

वर्गात तिची प्रत्येक गोष्ट अर्धी. म्हातारीची शेळी कड्यावर अडकली, खालून म्हातारी हाका मारतेय, आणि पुढे कोरा कागद. तिच्याच वर्गातल्या अनुयानं अभिप्रायात लिहिलं, "संवाद खरे वाटतात. शेवट नाही. शेळीचं काय झालं ते मला आजच कळायला हवं." घरून लिहून आणलेल्या वहीत मात्र तीच गोष्ट पुरी, आणि इतकी सुरेख की माझा पाराच चढला. घरी पुरी आणि वर्गात अर्धी? मी भर वर्गात ओरडले, "मंगळे, कुणाची कॉपी केलीस?" ती मान खाली घालून उभी राहिली. मी वही जप्त केली.

मग घरी भाजी चिरताना डोक्यात आलं, अगं बाई, त्या वाडीत हिला लिहून देणारं आहे कोण? काही कळेना.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला, भीमाबाईला, बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"बाई, पोर चोरी करत नाय. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. तुमाला ठाव नाय?"

ठाऊक होतं की! माझी आजीही म्हणायची. पण आम्ही हसायचो.

"अहो, पण ही सांगत नाही, लिहिते."

"लिवलं तरी सांगितल्यावानीच ना? अर्धी ठेवली तर चालतंय. रातीला चिमणी लावून पुरी करते." मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली. "सातवीत हिनं शाळेत दिवसा पुरी गोष्ट सांगितली. त्याच हप्त्यात माझा भाऊस, हिचा मामा गोरख, न्हावा शेव्याला कामाला म्हणून गेला. आजून आला नाय. पोर म्हणते, माझ्यामुळं."

 हे खोटं आहे म्हणून सांगावं, तर पोरीचा मामा खरंच बेपत्ता. खरं मानावं, तर मी शिक्षिका कसली? 

मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून मी फेरपरीक्षा मिळवली. एकच प्रश्न, कथेचा. दुपारी शिक्षकांच्या खोलीत मी आणि मंगळी. मी खिडक्या लावल्या, पडदे ओढले. ती पडद्याच्या फटीकडे बघत म्हणाली, "बाई, भायेर ऊन हाय."

तिनं शेळी कड्यावर नेली आणि पेन खाली ठेवलं. पंधरा मिनिटं उरली होती.

"लिही गं, माझी आई!"

"बाई, तुमाला मामा हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तुमी सांगा. मी नुसती लिवते."

शाबास! जिला कॉपीवरून झापलं, तिलाच आता मी उत्तर सांगायचं! पण जप्त केलेली वही माझ्या पर्समध्येच होती. शब्द तिचेच होते. मी वही उघडली आणि मोठ्यानं वाचू लागले. शेळी काही खाली उतरत नाही. अंधार पडतो. म्हातारी रडून घरी जाते, तर शेळी आधीच दारात उभी, रवंथ करत. मंगळीनं खाली मान घालून सगळं लिहून काढलं. ही कॉपी होती की नव्हती, मला आजही सांगता येणार नाही.

ती पास झाली. वसतिगृहात गेली.

पण त्या दिवशी शाळेतून सुटले ती थेट एसटी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर. कारण मी धडधडीत खोटं बोलले होते. माझा मामा होता, साताऱ्याला. स्वतःच्या लग्नात मला कडेवर घेऊन नाचलेला मामा.  लाज वाटत होती, तरी नंबर फिरवला.

"मामा, घरीच आहेस ना रे?"

"घरीच आहे की. का गं अरुंधती, काय झालं?"

"काही नाही, सहज," म्हटलं आणि तिथंच ढसाढसा रडले. बूथवाला बघत राहिला. मी निदान विचारू तरी शकले. मंगळीनं कुठल्या नंबरवर फोन करायचा होता?