जुळारीकाका आणि हरवलेलं उणे

अंध मुलींच्या शाळेत ब्रेल छापायची एक खोली आहे. तिथे आम्ही दोघं काम करतो. यंत्रावर जुळारीकाका, मजकूर टाइप करायला मी. मी साहित्याची पदवीधर. काका दहावी नापास.

काका पूर्वी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. छापखाना बंद पडला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते इथे आले. नाव जुळारीच राहिलं. आमचं यंत्र फार जुनं आहे. कागदावर ठिपके उठवताना ते असं धापा टाकतं की गणिताच्या बाई शेजारच्या वर्गातून ओरडतात, "काका, पाणी पाजा त्याला!"

बाईंनाही दिसत नाही. छापलेलं प्रत्येक पान त्या बोटांनी तपासतात.

त्या सकाळी आमचा संगणक कायमचा बंद पडला. दुसऱ्या दिवशी गणिताची परीक्षा होती. मुली अकरा. मागच्या वर्षी पेपर वेळेत छापला गेला नाही, म्हणून कुणीतरी प्रश्न वाचून दाखवले होते. एका मुलीने एकच प्रश्न चारदा वाचायला लावला. पाचव्यांदा विचारायची तिला लाज वाटली. ती नापास झाली. यंदा ती पुन्हा बसणार होती.

ऑफिसातून दुसरा संगणक आला. मजकुराचं ब्रेल करणारा आमचा प्रोग्राम फुकट आहे. जगभरातली माणसं मिळून तो लिहितात. त्याचा कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला असतो. मी तिथे गेले, डाउनलोडचं बटण दाबलं, गठ्ठा उतरवला, सुरू केला.

"झालं, काका!" मी म्हटलं. फार रुबाबात म्हटलं.

पहिलं पान निघालं. बाईंनी बोट फिरवलं आणि थांबल्या.

"उणे पाच होतं इथे. उणे कुठे गेलं?"

प्रत्येक ओळीचं पहिलं चिन्ह गायब होतं.

काकांनी चष्मा लावला. "कुठून आणलंस?"

"तिथूनच. बटण दाबून."

"बटणाने फक्त आजचं येतं, बाळा. आधीचं, आपल्या बंद पडलेल्या संगणकावर होतं ते, येत नाही."

त्यांनी दोन बोटांनी एक ओळ टाइप केली. पडद्यावर मजकूर धावू लागला. पूर्ण कोड उतरत होता, नऊ वर्षांत त्यात झालेल्या प्रत्येक बदलासकट. कुणी केला, कधी केला, कशासाठी केला, सगळं टिपलेलं. काका ती यादी वरून खाली वाचत गेले. तीन महिन्यांपूर्वीच्या एका टिपेवर त्यांचं बोट थांबलं. मी मोठ्याने वाचलं, "जुनी यंत्रं आता कोणी वापरत नाही. तो भाग काढून टाकला."

"कोणी वापरत नाही?" बाई भडकल्या. "आणि आम्ही काय, मेलो?"

"ओरडू नका. त्यांना काय ठाऊक आपण आहोत ते?" काका म्हणाले. "छापखान्यात पान छापून झालं की खिळे मोडून खणात टाकायचे. पान गेलं ते गेलं. हे लोक काही मोडत नाहीत. भाग काढलाय, पण त्याच्या आदल्या दिवशीचा कोड आहे तसा आहे."

त्यांनी संगणकाकडे तो आदला दिवस मागितला. मी मात्र यादीकडे बघत राहिले. खाली आणखी टिपा होत्या, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. "डावा समास एक घर सरकवला. जुनं यंत्र आता खूश." अशा बारा. बाराही काकांच्या नावावर.

दोन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून डबा खात होते.

"काका, हे तुम्ही लिहिलंय?"

"मग काय भुताने?"

"बोलला नाहीत कधी!"

"तू विचारलंस कधी? तुझ्या कविता ऐकण्यातच जेवणाची सुट्टी संपते."

बाई हसल्या. मला हसू येईना.

यंत्र धापा टाकू लागलं. पान बाहेर आलं. बाईंनी ते मांडीवर घेतलं. त्या वाचत होत्या आणि आम्ही त्यांच्या बोटाकडे बघत होतो. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीवर बोट रेंगाळलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "उणे पाच."

तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मगच म्हणाल्या, "काढा अकरा."

काका स्टुलावर बसले आणि दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. मी खिडकी उघडली. दुपारी तीनपर्यंत अकरा प्रती निघाल्या. अकराव्या प्रतीची कड बाईंनी गालाला लावून पाहिली, पान सुकलंय का बघावं तशी.

मग काकांनी त्या अनोळखी माणसांना पत्र लिहायला घेतलं. "जुनं यंत्र आम्ही वापरतो. आम्ही अकरा मुली." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"शिकलेली आहेस. चुका काढ."

मी दोनदा वाचलं.

"असू दे असंच," मी म्हटलं. "पाठवा."